तळे, तलाव, पाझर

तळ असतो म्हणून ते तळे, ही व्युत्पत्ती कानाला लगेच पटते. पण तळ विहिरीलाही असतोच. मूळ शब्द संस्कृत ‘तडाग’ असावा. दोन स्वरांमधल्या ‘ड’चा मराठीत ‘ळ’ होतो. गुडाचा गूळ झाला, षोडशाचे सोळा झाले. प्राकृतात ‘तलाय’, ‘तलाव’ अशी रूपे दिसतात, त्यांतूनच आपले तळे आणि तलाव आले असावेत. हिंदी ‘तालाब’च्या शेपटात मात्र फारसी ‘आब’ शिरलेला दिसतो. तोही पुरता परका नव्हे; संस्कृत ‘अप्’चा हा इराणी भाऊबंद. आबकारीतले आब तेच.

नळदुर्गला बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने (१५८०–१६२७) बांधवलेल्या वास्तूला मात्र लोक ‘आबमहाल’ म्हणत नाहीत, पाणीमहाल म्हणतात. संस्कृत ‘पानीय’ला अरबी ‘महल्ल’ जोडले गेले. ‘महल्ल’ म्हणजे मुळात उतरण्याची, मुक्कामाची जागा. महसुली महालही त्यातलाच.

तुळजापूरचे कल्लोळ तीर्थ अधिक चकवते. यात्रेतले कन्नड भाविक पाहून वाटते, कन्नडात ‘कल्लु’ म्हणजे दगड, ‘कोळ’ म्हणजे तळे. तर हे दगडी तळे नसेल? पण श्रवणबेळगोळ आठवावे. समासात ‘कोळ’चा ‘गोळ’ होतो, तेव्हा इथे ‘कल्गोळ’सारखे काही हवे होते. म्हणून लाट या अर्थाचा संस्कृत ‘कल्लोल’च खरा दिसतो.

हाच ‘कोळ’ थेट सायबेरियापर्यंत भुलवत नेतो. १,६४२ मीटर खोल बैकाल सरोवराचे नाव तुर्की ‘बाय’ (संपन्न) आणि ‘कोल’ (सरोवर) यांवरून आले असावे, असे एक मत आहे. किरगिझस्तानातले इस्सिक-कुलही तसेच. पण कन्नड कोळ आणि तुर्की कोल यांची सोयरीक निव्वळ आवाजापुरती दिसते.

उलट खरी नाती कानाला कळतही नाहीत. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात घरोघरी पोचलेला ‘पाझर तलाव’ घ्या. ‘प्र’ आणि ‘क्षर्’ मिळून प्राकृतात ‘पज्झर’, त्याचा आपला पाझर. झराही त्याच धातूचा. आणि जे क्षरत नाही, झरत नाही, ते अक्षर. म्हणजे ही ओळ ज्या अक्षरांत लिहिली, ती पाझराचीच सख्खी, फक्त नकार लावलेली. तलावाने मात्र तो नकार लावून घेऊ नये. पाणी धरून बसला, तर खालच्या विहिरींना त्याचा काय उपयोग?