टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत : वेगवान मोटारींच्या इंधननळीचा इतिहास

अमेरिकेतील वेगवान मोटारींच्या इतिहासात इंजिनाला आणि कार्बोरेटरला मानाचे स्थान मिळाले. टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत नेणाऱ्या नळीची मात्र फारशी दखल घेतली गेली नाही. वास्तविक कार्बोरेटर कितीही उत्तम असला, तरी त्याचे काम त्याच्या पोटातील ‘फ्लोट बाउल’ या छोट्या कुंडीतल्या पेट्रोलच्या पातळीवर अवलंबून असते. घरावरील पाण्याच्या टाकीत बॉलकॉक जे काम करतो, तेच या कुंडीत तरंगणारा फ्लोट करतो : पातळी चढली की तो सुईच्या आकाराच्या झडपेने नळीचे तोंड बंद करतो आणि उतरली की उघडतो. नळीतील दाब प्रमाणाबाहेर वाढला, तर झडप बंद राहत नाही आणि पेट्रोल ओसंडते. पुरवठा अपुरा पडला, तर मिश्रणात हवा अधिक होऊन ऐन वेगात इंजिन प्रमाणाबाहेर तापते.

आरंभी हे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवलेले होते. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये टाकी बहुतेक वर्षे आसनाखाली असे आणि पेट्रोल आपोआप उतरत कार्बोरेटरकडे जाई; त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, की इंजिनाकडील बाजू उंच होऊन प्रवाह खुंटे आणि चालक गाडी उलटी फिरवून मागच्या गतीने चढ चढत. टाकी गाडीच्या मागील भागात गेल्यावर इंजिनाच्या शोषणशक्तीने पेट्रोल वर खेचणाऱ्या ‘व्हॅक्यूम टँक’चा काही काळ प्रसार झाला, परंतु थ्रॉटल पूर्ण उघडताच ही शोषणशक्ती घटत असल्याने, जेव्हा पेट्रोलची गरज सर्वाधिक तेव्हाच त्याचा पुरवठा सर्वांत क्षीण होई. हा दोष इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणाऱ्या, लवचिक पडद्याच्या पंपाने दूर केला. मात्र या पंपाच्या ओढीने नळीतील दाब उतरतो आणि इंजिनाजवळच्या उष्णतेने तिथेच पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात, आणि १९३२च्या फोर्ड व्ही-८ला या दोषाचा बराच त्रास झाला.

दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या पात्रांवर शर्यती लावणाऱ्या तरुणांनी, ज्यांची संघटना १९३७मध्ये स्थापन झाली, एका इंजिनावर दोन-तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर बसवले. या कार्बोरेटरला प्रति चौरस इंच सुमारे अडीच-तीन पौंडांचाच दाब मानवत असल्याने, एका ठोकळ्यातून प्रत्येकाला स्वतंत्र नळी देऊन समान पुरवठा करणे हीच त्यातली कसोटी ठरली. पुढे लष्करी विमानांसाठी प्रमाणित झालेली ‘एएन’ जोडणी शर्यतीच्या मोटारींत रूढ झाली. तिचा क्रमांक नळीचा बाह्य व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत सांगतो, म्हणजे सहा क्रमांक म्हणजे तीन अष्टमांश इंच.

खरी परीक्षा पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत झाली. मोटार गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने सुटली, तर दहा फूट लांब नळीतील पेट्रोल मागे रेटले जाऊन प्रति चौरस इंच तीन पौंडांहून अधिक दाब विरोधात उभा राहतो. पंप इंजिनाजवळ असेल, तर ही झुंज त्याला ओढीने द्यावी लागते. म्हणून विद्युत पंप टाकीपाशी बसवून पेट्रोल मागून ढकलणे अधिक शहाणपणाचे. डीन मून यांच्या नावाने ओळखली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी इंजिनाच्या पुढे बसवण्यात तर अधिकच सूक्ष्म युक्ती होती, कारण तिथे त्वरणच पेट्रोलला इंजिनाकडे लोटते.

१९५७मध्ये आलेल्या हॉली ४१५० या चार नळकांड्यांच्या कार्बोरेटरात दोन कुंड्या होत्या. त्याच्या काही रूपांत एकाच तोंडातून पेट्रोल येऊन आडव्या नळीने दुसऱ्या कुंडीत जाई, तर शर्यतीच्या रूपांत प्रत्येक कुंडीला स्वतंत्र तोंड असे. ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला सुमारे २०० पौंड, म्हणजे तेहतीस गॅलनच्या आसपास पेट्रोल लागते. तेवढे पेट्रोल सहा-सात पौंडांच्या दाबातही पुरेशा व्यासाच्या नळीतून मिळते. अरुंद नळी कायम ठेवून केवळ दाब चढवणे ही चुकीची वाट होय. जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी दिली, की तप्त भागात ते साचून राहत नाही. नॅसकारच्या प्रमुख मालिकेत कार्बोरेटर २०११पर्यंत टिकला. २०१२पासून आलेल्या इंधन-इंजेक्शनमध्ये फ्लोटची कुंडीच नसल्याने पातळी राखण्याचा प्रश्न उरला नाही आणि नळीतील दाब स्थिर ठेवणे हेच मुख्य काम झाले.