बेड नाही

कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये पोस्टिंग काढलेल्या प्रत्येकाला पीजी हॉस्पिटल माहीत असतं. कागदोपत्री नाव एसएसकेएम, पण टॅक्सीवाल्याला ‘पीजी’ म्हटलं की पुरतं. किल्ल्यातून निघून रेसकोर्सला वळसा घातला की ते येतं. तिथे रोनाल्ड रॉसचं स्मारक आहे. हा रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी, आणि ती सेवा मुळात लष्करी. म्हणजे एका अर्थी आपल्याच बिरादरीतला. मलेरिया डासामुळे पसरतो हे पक्कं करणारं त्याचं १८९८ मधलं काम इथलंच. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं.

याच हॉस्पिटलमधून ९ जुलै १९९२ च्या सकाळी, डोक्यात रक्तस्राव झालेला एक माणूस परत गेला. आदल्या रात्रीपासून त्याने पाहिलेलं ते सातवं सरकारी रुग्णालय होतं. आरोग्य हा माणसाचा मूलभूत हक्क आहे का, या प्रश्नावर बोलायचं तर मला त्याच्या त्या रात्रीपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण पुढे सुप्रीम कोर्टाने तिचा तास न् तास नोंदवून ठेवला आहे.

हा माणूस पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजूर संघटनेचा सभासद. ८ जुलैला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास कोलकात्याच्या दक्षिणेला मथुरापूर स्टेशनवर तो चालत्या गाडीतून पडला. डोक्याला जबर मार. आधी मथुरापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे काही सोय नव्हती, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. रात्री पावणेबाराला सियालदहजवळचं एनआरएस मेडिकल कॉलेज. तपासलं, एक्सरे काढले, पण बेड नाही. सव्वाबाराच्या पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेज, तिथेही बेड नाही. एक वाजता शंभूनाथ पंडित हॉस्पिटल, पण डोक्याच्या दुखापतीचा विभाग नाही. दोन वाजता नॅशनल मेडिकल कॉलेज, बेड नाही. सकाळी आठ वाजता बांगूर न्यूरॉलॉजी संस्था. स्वतःच्या खर्चाने सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव दिसला, पण ही इमर्जन्सी आमच्याकडे होत नाही असं उत्तर मिळालं. दहाच्या सुमारास पीजी, तिथेही न्यूरोसर्जरीची सोय नाही. शेवटी त्याला एका खासगी रुग्णालयात भरती केलं. तिथे तो २२ जुलैपर्यंत होता आणि सुमारे १७,००० रुपये खर्च आला. १९९२ साली मजुराच्या घराला ही रक्कम म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तो वाचला आणि त्याची संघटना थेट सुप्रीम कोर्टात गेली. ६ मे १९९६ ला निकाल लागला. कोर्टाने म्हटलं की माणसाचा जीव वाचवणं हे सरकारचं घटनात्मक कर्तव्य आहे, आणि सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. पैसे नाहीत ही सबब इथे चालणार नाही. भरपाई २५,००० रुपये.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा हक्क काही १९९६ साली आकाशातून पडला नाही.

आपल्या देशात सरकारने नियमितपणे कुणाच्या आरोग्याची काळजी घ्यायला सुरुवात केली असेल तर ती सैनिकांच्या. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींची तपासणी करायला १८५९ साली रॉयल कमिशन नेमलं गेलं. १८६३ च्या त्याच्या अहवालाने लंडनला हादरवलं. दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला ६९ मरत होते, आणि बहुतेक लढाईत नव्हे तर कॉलरा, हगवण, तापाने. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी हा प्रश्न लावून धरला. मग छावण्यांची गटारं, पिण्याचं पाणी, हवेशीर बराकी, छावणी कायदे हे सगळं आलं. आज कुठल्याही कॅन्टोन्मेंटमध्ये रुंद रस्ते आणि लांब अंतरावरच्या बराकी दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे. पण त्यामागे दया नव्हती आणि हक्काची भाषाही नव्हती. विलायतेहून आणलेला शिपाई महाग पडत होता, इतकाच हिशोब. छावणीच्या कुंपणापलीकडच्या गावाला त्यातलं फारसं काही मिळालं नाही.

कुंपणापलीकडे कुणी पाहिलं ते ऐंशी वर्षांनी. ऑक्टोबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, सरकारने आरोग्य पाहणीसाठी समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे गृहस्थ नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, आयसीएस. आपल्या शाळांत त्यांचं नाव कानावर पडत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. १९४६ साली आलेल्या भोर समितीच्या अहवालाचं पहिलं तत्त्व असं की पैसे देता येत नाहीत म्हणून कुणाचाही उपचार अडता कामा नये. त्यासाठी ढोबळ सदिच्छा नव्हे, आराखडा दिला होता. दूरच्या टप्प्यात दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचं एक केंद्र, तातडीच्या टप्प्यात चाळीस हजारांमागे एक प्राथमिक केंद्र, आणि त्यावर चढत्या क्रमाने मोठी रुग्णालयं. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. मथुरापूरला त्या रात्री जे केंद्र पहिलं लागलं, ते याच कल्पनेचं नातवंड. केंद्र होतं, पण त्याच्या मागे जे उभं राहायला हवं होतं ते नव्हतं.

राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य कलम ४७ मध्ये घातलं, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. कलम ३७ सांगतं की ही तत्त्वं देश चालवताना मूलभूत आहेत, पण त्यांच्यासाठी कोर्टात जाता येणार नाही. फौजी भाषेत सांगायचं तर कमांडरचा उद्देश कळवला, पण हुकूम निघाला नाही. पुढची चार दशकं तशीच गेली. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटला आला. गाडीने उडवलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस केस आहे’ म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेत गेला. कोर्टाने बजावलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. तरीही तीन वर्षांनी मथुरापूरचा जखमी रात्रभर दारोदार फिरला. निकाल होता, पण कोलकात्यातल्या कुठल्याही इमर्जन्सीत त्या रात्री त्याचा उपयोग झाला नाही.

असं का झालं? इथे फौजेतल्या माणसाला एक गोष्ट चटकन दिसते.

आपल्याकडे जखमी जवान आधी आरएपीमध्ये, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरकडे येतो. तिथून एडीएस, मग फील्ड हॉस्पिटल, मग बेस किंवा कमांड हॉस्पिटल. ही साखळी सगळ्यांना पाठ असते. तिचा मुख्य नियम मात्र बाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो: पुढच्या जखमीला आणायची जबाबदारी मागच्या युनिटची. गाडी मागून पुढे येते. आरएमओ जवानाच्या हातात चिठ्ठी देऊन ‘जा, बघ कुठे जागा मिळते का’ असं म्हणत नाही. आणि हॉस्पिटल भरलं तर व्हरांड्यात खाटा पडतात. बेड नाही हे तिथल्या अधिकाऱ्याचं दुखणं, जखमीचं नव्हे.

मथुरापूरच्या त्या माणसाला सात ठिकाणी डॉक्टर भेटले असतील, पण त्याला पुढे पोचवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. प्रत्येकाने आपापल्या दारापुरतं खरं उत्तर दिलं, आणि त्या सगळ्या खऱ्या उत्तरांची बेरीज माणूस मरण्याइतकी झाली असती. म्हणूनच चौकशी समितीच्या आणि कोर्टाच्या सूचना मला भरपाईपेक्षा मोलाच्या वाटतात. गरज पडली तर ट्रॉलीवर किंवा जमिनीवरही रुग्ण घ्या. दुसऱ्या वॉर्डातल्या खाटा उसन्या घ्या. आणि एक मध्यवर्ती बेड ब्युरो काढा, त्याला वायरलेस द्या. जागा नसेल तर हॉस्पिटलने ब्युरोला विचारावं आणि रुग्ण कुठे जाईल ते ब्युरोने ठरवावं. साखळी तुटली होती, ती जोडायची ही कल्पना.

विरोधी बाजूचा युक्तिवादही खोटा नाही. हक्क जाहीर करायला शाई लागते, पाळायला पैसा. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, असं करणारं ते पहिलं राज्य. इमर्जन्सीत आगाऊ पैसे न मागता उपचार, खासगी रुग्णालयांतही. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. बिल कोण देणार, कधी देणार, हा त्यांचा सवाल. ४ एप्रिलला समझोता होऊन आंदोलन मिटलं. तो सवाल स्वार्थाचा म्हणून झटकता येणार नाही, आपण माजी सैनिकांनी तर नाहीच. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झालं. त्याआधी पेन्शनर जवानाला मिलिटरी हॉस्पिटलात जागा असेल तर उपचार मिळत. आता कार्ड आहे, पॉलिक्लिनिक आहे, पॅनेलवरची रुग्णालयं आहेत. पण बिलं थकली की पॅनेलवरचंच रुग्णालय कार्ड पाहून ‘बेड नाही’ म्हणतं, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं आहे. सेवा करून, वर्गणी भरून मिळवलेला हक्कसुद्धा मागची साखळी ढिली पडली की चिठ्ठी होऊन बसतो.

म्हणून माझं उत्तर असं. होय, आरोग्य हा हक्क आहे. छावणीतल्या शिपायाला तो उपयोगाचा म्हणून मिळाला, नागरिकाला तो माणूस म्हणून मिळायला हवा. पण हक्क म्हणजे निव्वळ कलम नव्हे. पहिल्या दारापासून शेवटच्या खाटेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एका नेमक्या माणसाची जबाबदारी, आणि त्यामागे वेळेवर येणारा पैसा, हे दोन्ही असेल तरच तो हक्क. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. हिशोब मागायचा तर तिथे मागावा.

आणि तोवर एक साधं काम प्रत्येकाला करता येईल. गावात, नात्यात कुणाला घेऊन गेलात आणि ‘बेड नाही’ ऐकलंत, तर तिथेच वळू नका. दोन प्रश्न विचारा: मग बेड कुठे आहे, आणि तिथे नेणार कोण? उत्तर केसपेपरवर लिहून, सहीनिशी मागा. मथुरापूरच्या त्या रात्रीची नोंद कागदावर राहिली, म्हणून तर तिचा न्याय झाला.