शिडं उतरवली, झेंडा उतरवला

‘स्ट्राइक’ म्हटलं की आपल्याला आधी ठोसा आठवतो. मारणं, आदळणं, कॅरमचा स्ट्रायकर. त्यामुळे कामगार मालकाला तडाखा देतात म्हणून संपाला स्ट्राइक म्हणत असावेत, असा समज सहज होतो. पण इंग्रजी दर्यावर्दी भाषेत या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे : खाली उतरवणं. शीड उतरवणं म्हणजे स्ट्राइक, तंबू पाडून आवरणं म्हणजे स्ट्राइक आणि लढाईत हरल्यावर जहाजावरचा झेंडा उतरवणं म्हणजेही स्ट्राइकच.

संपाचा अर्थ शिडावरून आला. साल 1768, जागा लंडनची थेम्स नदी. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध 1763 मध्ये संपलं होतं, खलाशांचे पगार घसरले होते आणि पाव महागला होता. पगारवाढ मागणारे खलाशी त्या मे महिन्यात एकेका व्यापारी जहाजावर चढले आणि त्यांनी शिडं उतरवून ठेवली. तोडफोड करायची गरजच नव्हती. शीड नाही म्हणजे जहाज नाही, आणि जहाज नाही म्हणजे लंडनचा व्यापार नाही. पुढे समुद्राशी काही संबंध नसलेले कारागीरही काम थांबवलं की ‘स्ट्राइक’ केला असं म्हणू लागले.

आपले शब्द मात्र दुसरीकडून आले. हरताळ म्हणजे हाटाला, बाजाराला टाळं. आणि गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही एकोपा. मला हा शब्द इंग्रजीपेक्षा जास्त आवडतो. काम थांबण्याआधी माणसं एक व्हावी लागतात, ते यात आहे.

शिडांची जहाजं गेल्यावरही हा शब्द एकदा पुन्हा खलाशांकडे आला, आणि तो मुंबईत. 18 फेब्रुवारी 1946. कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात नाविकांनी निकृष्ट जेवण नाकारलं आणि कामही. जेवणाइतकाच राग होता तो गोऱ्या कमांडरच्या शिव्यांचा. बघता बघता मुंबई बंदरातली जहाजं सामील झाली, मग कराची आणि इतर तळ. नाविकांनी ब्रिटिश झेंडे उतरवले आणि काँग्रेस, मुस्लीम लीग, कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढवले. त्यांनी समिती नेमली, तिचं नाव नौदल मध्यवर्ती संप समिती. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग.

नावातला ‘संप’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गणवेशातल्या माणसाला संपाचा हक्क नसतो. सरकारच्या लेखी ही ‘म्युटिनी’ होती, म्हणजे बंड. संपकऱ्याशी बोलणी होतात. बंडखोरापुढे एकच मार्ग ठेवला जातो, बिनशर्त शरणागतीचा. इथे तोच ठेवला गेला. 22 फेब्रुवारीला गिरणी कामगारांनी नाविकांच्या पाठिंब्यासाठी गिरण्या बंद केल्या. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर झालेल्या गोळीबारांत दोनशेहून जास्त माणसं मेली. सरदार पटेलांनी नाविकांना माघार घेण्याचा सल्ला दिला, आणि 23 तारखेला जहाजांवर शरणागतीचे काळे झेंडे चढले.

पुढे शेकडो नाविकांना नौदलातून काढून टाकण्यात आलं. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, तरी त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. ज्यांचा झेंडा त्यांनी उतरवला ते निघून गेले होते, पण त्यांनी दिलेलं नाव मागे राहिलं. आपल्या मराठी पुस्तकांतही ‘नाविकांचं बंड’ असंच छापलं जातं. त्यांच्या समितीच्या नावातला शब्द क्वचितच.