ॲपलेशियन पायवाट : स्वयंसेवकांची देखभाल

अमेरिकेच्या पूर्व भागातील सुमारे ३,५०० किमी. लांबीची डोंगरवाट. जॉर्जियातील स्प्रिंगर शिखरापासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत ती १४ राज्यांतून जाते. वनतज्ज्ञ बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली. १९३७ मध्ये ती सलग झाली. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, पण निगा राखण्याचे काम सरकारी खात्यांच्या साथीने आजही सुमारे तीस स्थानिक गिर्यारोहण मंडळेच करतात. हौशी लोकांनी इतकी वर्षे चिकाटीने चालवलेले असे काम विरळाच.

वाटेचा खरा शत्रू पाणी. ते वाटेवरूनच वाहू लागले, की दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. म्हणून स्वयंसेवक उतारावर तिरपे लाकूड किंवा दगड पुरून पाणी बाजूला काढतात आणि साचलेला गाळ-पाला वरचेवर उपसतात. झाडांवरचे दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टेही तेच रंगवतात. हातात बहुधा ‘पुलास्की’ असते : एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे आडवे पाते. १९६४ च्या कायद्याने राखीव केलेल्या रानात यंत्रकरवतीला सहसा मज्जाव असल्याने आडवे पडलेले झाड दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापावे लागते. घाम निघतो, पण नियम म्हणजे नियम.

काही ठिकाणी अधिवासही राखावा लागतो. उत्तर कॅरोलायना-टेनेसी सीमेवरच्या रोन डोंगरमाथ्यावरील गवताळ पठारे ब्लॅकबेरीच्या झुडपांनी गिळू नयेत, म्हणून तेथे छाटणी केली जाते.