जेरेमी चार्ल्स: थोडकी कारकीर्द, मोक्याचे गोल

वेल्सचा आघाडीवीर जेरेमी चार्ल्स याचा जन्म सप्टेंबर 1959 मध्ये स्वान्झी शहरात झाला. आडनावाचे ओझे जन्मापासूनच होते. चुलते जॉन चार्ल्स यांना 1957 मध्ये युव्हेंटसने 65 हजार पौंड मोजून इटलीत नेले होते आणि तिथे त्यांनी तीन वेळा लीग जिंकली. वडील मेल चार्ल्स 1958 च्या विश्वचषकात वेल्सकडून खेळले, पुढे आर्सेनलमध्ये गेले. अशा घरातल्या मुलाची तुलना कोणाशी होणार, हे ठरलेलेच होते.

1976 मध्ये तो स्वान्झी सिटीच्या मुख्य संघात आला. क्लब तेव्हा चौथ्या विभागात, म्हणजे इंग्लिश लीगच्या तळाशी होता. व्यवस्थापक हॅरी ग्रिफिथ्स यांनी गावातली पोरे हाताशी धरून संघ उभा केला. ॲलन कर्टिस, रॉबी जेम्स आणि जेरेमी ही त्यातली नावे. 1978 मध्ये लिव्हरपूलचा जॉन टोशॅक खेळाडू-व्यवस्थापक म्हणून आला आणि ग्रिफिथ्स त्याचे सहायक झाले. त्याच एप्रिलमध्ये, सामना सुरू होण्याच्या तोंडावर, व्हेच फील्ड मैदानावरच ग्रिफिथ्स यांचे निधन झाले. काही दिवसांतच संघाला बढती मिळाली. ती पाहायला ते हवे होते.

पुढच्या वर्षी दुसरी बढती मिळाली आणि 2 मे 1981 रोजी तिसरीची वेळ आली. प्रेस्टनच्या मैदानावर जिंकणे भाग होते. स्वान्झीने दोन गोलांची आघाडी घेतली, प्रेस्टनने एक फेडला आणि शेवटची मिनिटे जीवघेणी झाली. तेव्हा जेरेमीने तिसरा गोल करून प्रश्न मिटवला. ब्लॅकबर्नचे गुण तेवढेच होते, पण गोलफरकाने स्वान्झी वर राहिली आणि क्लब इतिहासात प्रथमच अव्वल विभागात पोचला.

ऑगस्टमध्ये तिथला पहिला सामना लीड्सशी झाला. जॉन चार्ल्स यांनी नाव कमावले ते याच लीड्सकडून. अव्वल विभागातला स्वान्झीचा पहिला गोल पुतण्याने केला, तोही सुरुवातीच्या काही मिनिटांत. पुढे बॉब लॅचफर्डने हॅटट्रिक केली आणि सामना स्वान्झीने 5-1 असा जिंकला. मोसमाअखेर स्वान्झी सहाव्या स्थानावर होती. मात्र ऐपतीबाहेरचा खर्च लवकरच अंगाशी आला. 1983 मध्ये संघ खाली घसरला, आणि कर्जात बुडालेल्या क्लबाने त्याच वर्षी जेरेमीला लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सला विकून टाकले. तिथे कृत्रिम हिरवळीचे टणक मैदान होते. तिथे त्याचा जम बसला नाही.

देशाकडून तो 19 सामने खेळला. त्यातला त्याचा एकमेव गोल एप्रिल 1983 मध्ये बल्गेरियाविरुद्ध झाला आणि वेल्सने तो सामना 1-0 असा जिंकला. चुलत्याच्या मानाने आकडे फिके आहेत, पण गोल कधी झाला हेही पाहायला हवे.

1985 मध्ये व्यवस्थापक जिम स्मिथ यांच्या ऑक्सफर्ड युनायटेडने त्याला घेतले. त्या उन्हाळ्यात स्मिथ स्वतःच रेंजर्सकडे गेले आणि 20 एप्रिल 1986 रोजी मिल्क कपच्या, म्हणजे इंग्लिश लीग चषकाच्या, अंतिम सामन्यात वेम्बलीवर नेमके हेच दोन संघ समोरासमोर आले. हेबर्ड आणि हाउटन यांच्या गोलांनी ऑक्सफर्ड पुढे होते. शेवटी जॉन ऑल्ड्रिजचा फटका गोलरक्षकाने अडवला, परतलेला चेंडू जेरेमीने जाळ्यात धाडला आणि निकाल 3-0 झाला. जुन्या क्लबाविरुद्ध आणि जुन्या व्यवस्थापकासमोर, तेही अंतिम सामन्यात, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

या विजेतेपदाने एरवी यूएफा चषकाचे दार उघडले असते. पण 1985 च्या हायझेल मैदानावरील प्रेक्षकांच्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी होती, त्यामुळे ऑक्सफर्डला ती संधी मिळाली नाही. जेरेमीचेही फार दिवस उरले नव्हते. दुखापतीमुळे 1987 मध्ये, तिशी गाठण्याआधीच, त्याला व्यावसायिक फुटबॉल सोडावे लागले.