घाटकोपरची दरड आणि दावोसचा बर्फ

हिमस्खलन म्हटले की आपल्याला हिमालय आठवतो. मुंबईच्या उपनगरांत बर्फ पडत नाही. परंतु डोंगराचा उतार सुटून माणसांवर येणे ही गोष्ट येथे नवी नाही. १२ जुलै २००० रोजी मुसळधार पावसात घाटकोपरच्या आझादनगर वस्तीवर टेकडीची कड कोसळली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी साकीनाक्याला दरडीखाली सत्तरच्या आसपास माणसे गेली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीच्या उतारांवरील वस्त्यांत हेच घडले.

बर्फ आणि मुरूम हे पदार्थ अगदी भिन्न. तरी त्यांच्या घसरण्यामागचे शास्त्र एकच आहे. ते कसे उलगडत गेले हे पाहिले, तर आपल्या घराशेजारच्या टेकडीकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

या कथेची सुरुवात एका किल्ल्यापासून होते. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे आपल्या विद्यार्थ्यांना कूलोम हे नाव परिचित असते. हा मूळचा फ्रेंच लष्करी अभियंता. १७६४ साली त्याला मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यासाठी पाठवले गेले. मातीचा भराव अडवणारी भिंत किती जाड असावी, हा त्याच्यापुढचा रोकडा प्रश्न होता. परतल्यावर १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने निबंध मांडला. उतारावरची माती दोन गोष्टींमुळे टिकते, असे त्याने दाखवले. एक म्हणजे कणाकणांतील घर्षण. वरचा दाब जितका जास्त, तितके ते जास्त. दुसरी म्हणजे संसक्ती, अर्थात कणांनी एकमेकांना धरून राहणे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे साठ मीटर उंच असून जवळजवळ सरळ उभी आहे, ती अखंड बेसाल्टच्या संसक्तीच्या बळावर. कोरड्या वाळूत संसक्ती नसते, म्हणून तिचा ढीग सुमारे ३४ अंशांपेक्षा तीव्र होत नाही.

मग पावसात काय बिघडते? पाणी वंगणासारखे काम करते, असे आपण सहज सांगून जातो. ते बरोबर नाही. याचे नीट उत्तर कार्ल टेरझागी याने दिले. त्याचा मृदायामिकीवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की वरच्या भाराचा काही हिस्सा पाणीच पेलते. त्यामुळे कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण घटते. दुसरीकडे भिजलेल्या मातीचे वजन वाढलेले असते. ओढ वाढते, पकड सुटते. म्हणूनच एखाद्या सरीने न ढळणारा उतार सलग पावसानंतर अचानक सुटतो.

आता बर्फाकडे वळू. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील दावोसच्या वर, वाइसफ्लूयोख येथे हिमसंशोधनाला सुरुवात झाली. त्यातील एक प्रमुख संशोधक रॉबर्ट हेफेली हा मुळात मृदायामिकीचा अभियंता. मातीसाठी तयार झालेली मोजमापे आणि सूत्रे त्याने बर्फाला लावली. बर्फ एकसंध नसतो, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो. जमिनीलगतचे आणि वरचे तापमान यांत मोठा फरक असेल, तर आतले कण बदलून साखरेसारखे सुटे होतात. अशा दुबळ्या थरावर नव्या बर्फाची घट्ट लादी साचली की एका गिर्यारोहकाचे वजनही तिला पुरते. असे उतार बहुधा ३० ते ४५ अंशांचे असतात. त्याहून सौम्य उतारावर लादी सहसा सरकत नाही. फार तीव्र उतारावर बर्फ साचतच नाही.

भारतात या अभ्यासासाठी १९६९ साली मनालीला संस्था स्थापन झाली. २०२० पासून ते काम चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेत सामावले आहे. ज्ञान असूनही धोका संपत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात सापडले आणि सत्तावीस जणांचे मृतदेह हाती आले.

उपनगरांतल्या टेकड्याही थरांच्याच आहेत. लाव्ह्याच्या थरांमध्ये ठिकठिकाणी ज्वालामुखीय राखेचे किंवा लाल मातीचे मऊ थर आढळतात. वरचा खडक झिजून मुरूम होतो. पावसाचे पाणी मुरमातून झिरपते आणि खालच्या कठीण खडकावर अडते. तेथेच पकड सुटण्याची जागा तयार होते. त्यात माणसाची भर पडते. दगडखाणींनी टेकड्यांच्या कडा तासल्या गेल्या. घरासाठी सपाट जागा हवी म्हणून उताराचा पायथा कापला जातो. गटार नसल्याने सांडपाणी बारमाही मुरत राहते. पायथा कापणे म्हणजे वरच्या लादीचा आधारच काढून घेणे.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एका फळीवर खरखरीत पॉलिशपेपर चिकटवून त्यावर मैद्याचा थर हलके दाबून बसवावा. त्यावर साखरेचा पातळ थर पसरावा आणि वर पुन्हा मैदा दाबून बसवावा. फळीचे एक टोक सावकाश उचलत कोनमापकाने कोन मोजावा. मग हाच प्रयोग साखरेशिवाय करून दोन्ही कोनांची तुलना करावी. तिसऱ्या खेपेस वरच्या थराचा खालचा काठ पट्टीने कापून पाहावा. मुले स्वतःच निष्कर्ष काढतील.

येथपर्यंत दोन्हींचे शास्त्र सारखे. फरक पडतो तो माणसाच्या बाबतीत. गिर्यारोहक हवामान पाहून एक दिवस थांबू शकतो. आझादनगरच्या रहिवाशाला सपाट जागेवरचे घर परवडत नाही, म्हणून तो उतारावर राहतो. पावसाळ्याआधी घर सोडण्याची नोटीस आली, तरी जायचे कोठे हा प्रश्न उरतोच. १९५१ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी शंभराच्या आसपास बळी घेतले. त्यानंतर तेथे धोक्याचे नकाशे करून कोठे बांधायचे नाही हे ठरवण्यास सुरुवात झाली, आणि गावांवरच्या उतारांवर बर्फ अडवणारे अडसर उभे राहिले. केवळ सूचना देऊन तेथील लोक थांबले नाहीत. आपल्याकडेही पर्यायी घर आणि उतारावरील पाण्याचा निचरा यांवाचून नोटिशीला अर्थ येत नाही.

तोवर शाळा एक काम नक्की करू शकते. टेकडीलगत राहणारे विद्यार्थी आपल्या वर्गांत असतातच. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, संरक्षक भिंत फुगणे, तिच्या छिद्रांतून गढूळ पाणी येणे किंवा वाहते पाणी एकाएकी बंद होणे, ही लक्षणे त्यांना तोंडपाठ हवीत. ती दिसली, तर सामान न आवरता उताराच्या वाटेतून बाजूला व्हावे आणि शेजाऱ्यांना उठवावे. चेंबूर-विक्रोळीची दरड पहाटे आली, तेव्हा बहुतेक घरे झोपेत होती. म्हणून हा पाठ जूनच्या पहिल्या आठवड्यातच घेतलेला बरा.