टाइप-सी पिन सगळीकडे एकच, मग चार्जिंग आणि डेटाचा वेग वेगळा का?

जुलै-ऑगस्टात भोरच्या पश्चिमेला हिर्डोशी खोऱ्यात किंवा वेल्ह्यात केळद-पासलीच्या बाजूला पाऊस धरला की लाइटचा भरवसा राहत नाही. कुठे फांदी तारेवर पडते, कुठे खांब कलतो, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाव अंधारात. मधेच तास-दीड तास लाइट येते आणि तेवढ्यात घरातले सगळे फोन चार्ज करून घ्यायचे असतात. हे नुसतं रील बघण्यासाठी नाही. भाताची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची तर शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, आणि त्याला मुदत असते. फोन बंद असेल तर बांधावर जाऊन उपयोग काय?

अशा वेळी एक अनुभव बहुतेकांना येतो. त्याच चार्जरला एका केबलने फोन तासाभरात निम्म्याच्या वर जातो आणि दुसऱ्या केबलने दहा-पंधरा टक्क्यांवर रेंगाळतो. दोन्ही केबलची पिन तीच, रंगही तोच. मग दोष कुणाचा? बरेच जण फोनची बॅटरी गेली असं समजून दुकान गाठतात. खरं तर आधी केबल बदलून बघायला हवी.

पिनचा आकार म्हणजे वेग नव्हे

सगळा गोंधळ इथेच आहे. ‘टाइप-सी’ हे फक्त पिनच्या आकाराचं नाव आहे. त्यातून वीज किती जाणार आणि डेटा किती वेगाने जाणार, हे त्या नावात कुठेच नाही.

टाइप-सीच्या पूर्ण पोर्टमध्ये २४ बारीक संपर्क असतात. त्यातले ८ विजेसाठी (४ पुरवठ्याचे, ४ परतीचे). ४ जुन्या यूएसबी २.० पद्धतीच्या डेटासाठी. ८ जास्त वेगाच्या डेटासाठी. २ फोन आणि चार्जरच्या आपसातल्या बोलण्यासाठी आणि २ जादा कामांसाठी. वर-खाली दोन्ही बाजूंनी रचना जुळवलेली असल्यामुळे पिन उलटी घातली तरी चालते. जुन्या मायक्रो-यूएसबीला अंधारात पिन घालताना जी झटापट व्हायची ती इथे संपली.

पण केबलमध्ये या सगळ्यांसाठी तारा असतीलच असं नाही. वेगवान डेटाच्या तारा नसलेली केबलही नियमात बसते आणि ती सर्रास विकली जाते. फोनसोबत खोक्यात मिळणारी केबल बहुतेक वेळा याच जातीची. रस्त्यावर मिळणाऱ्या काही स्वस्त केबलमध्ये तर फक्त विजेच्या दोन तारा असतात. अशी केबल कॉम्प्युटरला लावली की फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला फोन दिसतच नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण केबलवाल्यांनी फारच मनावर घेतलेली आहे.

नावं बदलली, वेग तोच

यूएसबी १९९६ साली आलं. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्या गटाचे प्रमुख अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. तेव्हाचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. २००० साली यूएसबी २.० आलं आणि वेग ४८० मेगाबिटवर गेला. २००८ मध्ये यूएसबी ३.० ने तो ५ गिगाबिट केला. पुढे १०, २०, ४० आणि २०२२ च्या आवृत्तीत ८० गिगाबिट. टाइप-सी पिनचा आराखडा २०१४ चा, म्हणजे वेगाच्या या शर्यतीच्या मधोमध आलेला. त्यामुळे त्याच पिनमागे २००० सालचा वेगही असू शकतो आणि आजचाही.

त्यातच नावांचा घोळ. आधी जे यूएसबी ३.० होतं त्याला पुढे ३.१ जेन १ म्हटलं गेलं आणि नंतर ३.२ जेन १. वेल्हे तालुक्याचं राजगड तालुका झालं तरी तोरणा जागच्या जागी आहे, तसंच हे. वेग पाचच गिगाबिट. म्हणून खोक्यावर नुसतं ‘३.२’ दिसलं म्हणून भुलू नका. पुढे ५, १० की २० गिगाबिट लिहिलंय ते बघा.

महाग फोन म्हणजे वेगवान पोर्ट, हेही खरं नाही. ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला पहिल्यांदा टाइप-सी दिलं, पण साध्या १५ आणि १५ प्लसचा डेटावेग ४८० मेगाबिटच ठेवला. जुन्या लाइटनिंग पिनला होता तेवढाच. १५ प्रोला १० गिगाबिटचा पोर्ट मिळाला, मात्र खोक्यातली केबल तिथेही यूएसबी २.० ची. म्हणजे फोन लाखाच्या वरचा घ्या आणि वेग हवा तर केबल वेगळी विकत घ्या. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस २४ ला ५ गिगाबिटचा पोर्ट आहे. दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये बहुतेक यूएसबी २.० च असतं. कंपनीच्या वेबसाइटवर फोनच्या माहितीत ‘यूएसबी’ शब्द शोधला की हे कळतं.

४८० मेगाबिट म्हणजे प्रत्यक्षात किती?

फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो आणि वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे ४८० मेगाबिट हे कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात साधारण ३० ते ४०.

समजा, गावातल्या लग्नाचे व्हिडिओ फोनमध्ये आहेत, एकूण २० जीबी, आणि ते भोरच्या बाजारपेठेतल्या स्टुडिओत द्यायचे आहेत. यूएसबी २.० केबलने दहा मिनिटांच्या आसपास लागतील. फोन, केबल आणि कॉम्प्युटर तिन्ही ५ गिगाबिटचे असतील तर मिनिटभर. तिन्हींपैकी एक जरी जुना असेल तर वेग त्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा. बैलजोडीतला एक बैल दमला की गाडी त्याच्याच चालीने जाते. स्वस्त पेनड्राइव्हवर घेत असाल तर सेकंदाला १५ मेगाबाइटच लिहिले जातात आणि वीस-बावीस मिनिटं मोडतात. मग केबल कितीही भारी असो. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर बसतच नाही, हेही आधी बघून घ्या.

हेच २० जीबी इंटरनेटवरून पाठवायचे आणि खिंडीत चढून कसाबसा २ मेगाबिटचा अपलोड वेग मिळाला, तर बावीस तास लागतील. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवले तर ते दाबून लहान केले जातात आणि मूळ दर्जा जातो. जिथे नेटवर्क धड नाही तिथे केबलचं महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे, ते यामुळे.

केबल हाताशी नसेल तर अँड्रॉइडचं क्विक शेअर किंवा आयफोनचं एअरड्रॉप वापरता येतं. दोन फोन आपसात थेट वायफायने जोडले जातात, त्याला इंटरनेट लागत नाही. फोन जवळजवळ ठेवले तर वेग अनेकदा यूएसबी २.० च्या तोडीचा मिळतो.

चार्जिंगचं गणित वॅटमध्ये

आजच्या बहुतेक फोनची बॅटरी ५,००० एमएएचच्या आसपास असते. विजेच्या भाषेत ती साधारण १९ वॅट-तास. ५ वॅटच्या जुन्या चार्जरने ती भरायला साडेचार-पाच तास, १० वॅटने अडीच तास, २५ वॅटने सव्वा तासाच्या आसपास. कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून फक्त अडीच वॅट मिळतात. त्याला फोन लावून झोपलात तर सकाळीही तो पूर्ण भरलेला नसेल.

८० टक्क्यांनंतर फोन स्वतःच वेग कमी करतो, बॅटरी तापू नये म्हणून. त्यामुळे लाइट तासभरच येणार असेल आणि चार्जर एकच असेल, तर एक फोन शंभर टक्के करत बसण्यापेक्षा दोन फोन साठ-साठ टक्के करणं फायद्याचं.

फास्ट चार्जिंग म्हणजे चार्जर वीज ढकलतो असं नाही. आधी चार्जर आणि फोन त्या दोन संपर्कांवरून बोलणी करतात. किती व्होल्ट, किती अँपिअर हे ठरतं आणि मग वीज वाढते. बोलणी जमली नाही तर दोघंही साध्या वेगावर येतात. ‘पॉवर डिलिव्हरी’ ही सगळ्या कंपन्यांना खुली असलेली पद्धत. तिची मर्यादा आधी १०० वॅट होती, २०२१ पासून २४० वॅट आहे. पण ओप्पो, वनप्लस, रिअलमी यांची सुपरवूक किंवा शाओमीची स्वतःची पद्धत वेगळी. खोक्यावरचे ६७ किंवा ८० वॅट मिळवायचे तर चार्जर आणि केबल दोन्ही त्या पद्धतीचे लागतात. दुसऱ्या कंपनीच्या चार्जरने फोन बिघडत नाही, फक्त सावकाश भरतो.

केबलची बाजू अशी. दोन्हीकडे टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत वीज नेते, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे तर केबलच्या पिनमध्ये एक छोटी चिप लागते. ती चार्जरला सांगते की ही केबल एवढा भार सोसेल. चिप नसेल तर चार्जर पुढे जातच नाही. प्रमाणित केबलवर ६०डब्ल्यू किंवा २४०डब्ल्यू असा शिक्का असतो. मात्र हा शिक्का विजेचा आहे, डेटाचा नाही. २४० वॅटची जाडजूड केबल डेटाला यूएसबी २.० चीच असू शकते.

निकृष्ट केबलने नुसता वेळ जातो असं नाही. टाइप-सी नवीन असताना, २०१५ मध्ये, गूगलचे अभियंते बेन्सन लिउंग यांनी बाजारातल्या केबल विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. एका बाजूला जुनी चौकोनी पिन आणि दुसरीकडे टाइप-सी असलेल्या केबलमध्ये ५६ किलो-ओहमचा रोधक असावा लागतो. अनेकांमध्ये चुकीचा होता. त्यामुळे फोनला वाटायचं की समोर ताकदवान चार्जर आहे, आणि तो जुन्या चार्जरमधून झेपणार नाही एवढी वीज ओढायचा. एका केबलमध्ये तर तारांची जोडणीच उलटी होती. तिने त्यांचा लॅपटॉप निकामी केला.

नियमांचं म्हणाल तर युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं आहे. भारतात भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी पोर्ट, पिन आणि केबलसाठी मानक जाहीर केलं. पिन एक झाली, हा मोठा फायदा आहेच. घरात चार जातींचे चार्जर लोंबत नाहीत. वेग मात्र त्यामुळे एक झालेला नाही.

राजगड-तोरण्याला जाताना

पॉवर बँकेवरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. बाहेर ५ व्होल्ट करताना आणि उष्णतेत बराच भाग जातो. ५,००० एमएएचचा फोन त्याने दोनदा नाही, साधारण दीडदा भरतो. पॉवर बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून सहा हजारांच्या आसपासचा आकडा असतो, तोच खरा मानावा. राजगड-तोरणा डोंगरधारेवर रेंज येत-जात राहते आणि फोन सतत टॉवर शोधून बॅटरी खातो. फ्लाइट मोडवर टाकला तरी जीपीएस चालू राहतं आणि आधी उतरवून ठेवलेला नकाशा दिसतो.

डोक्याला लावायच्या टॉर्चचा एक किस्सा हमखास घडतो. तिला टाइप-सी पोर्ट असतो, पण नव्या टाइप-सी चार्जरला लावली की ती चार्जच होत नाही. टॉर्च बिघडलेली नसते. टाइप-सी चार्जर समोर योग्य रोधक दिसल्याशिवाय वीज सोडत नाही आणि स्वस्त वस्तूंमध्ये तो रोधक बसवायचं टाळलेलं असतं. जुना चौकोनी पिनचा चार्जर कुणाला काही न विचारता ५ व्होल्ट देतो. त्याची केबल लावली की टॉर्च मुकाट्याने भरते. ट्रिमर आणि छोटे स्पीकर यांचंही असंच.

पिनमध्ये पाणी गेलं तर

पावसात भिजलेला फोन चार्जिंगला लावला की अनेक फोन ओलाव्याचा इशारा देतात. तो बाजूला सारून चार्जिंग सुरू करू नका. फोन आयपी६८ असला तरी त्याचा अर्थ पाणी आत जात नाही एवढाच. ओल्या पोर्टला वीज द्यायला हरकत नाही असा नाही. ओल्या संपर्कांतून वीज गेली की ते गंजतात आणि हिरवट थर धरतात. पोर्ट खाली करून फोन हातावर हलकेच आपटा, मग हवेशीर जागी ठेवा. अर्ध्या तासाने बघा. इशारा तरीही येत असेल तर पूर्ण दिवस थांबावं लागतं. तांदळात फोन पुरायची पद्धत सोडून द्या, ॲपलही तसं करू नका म्हणून सांगतं. तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये जातात. कापूस किंवा कागद आत खुपसू नका. चुलीजवळही ठेवू नका. वायरलेस चार्जिंग असेल तर फोनची पाठ कोरडी करून ते वापरता येतं.

पिन सैल झाली, हलवली की चार्जिंग तुटतं, अशी तक्रार असेल तर आधी टॉर्चच्या उजेडात पोर्टमध्ये डोकवा. खिशातला कापसासारखा कचरा तळाशी दाबून बसलेला असतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी काडीने तो हळूच काढता येतो. सुई किंवा पिनने कधीच नाही. एवढं करूनही पिन सैलच राहिली तर पोर्ट बदलावा लागेल. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो मुख्य बोर्डवर नसून खालच्या वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो आणि तेवढीच पट्टी बदलता येते. दुरुस्तीला फोन देताना आपल्या मॉडेलमध्ये पोर्ट कुठे आहे हे आधी विचारा. पट्टी बदलण्याचा आणि बोर्डवर डाग देण्याचा खर्च वेगवेगळा असतो.